ठोकर मारून गाडी पळाली, तर प्रवाशाचं बिल कोण भरणार?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात ६७,३८७ हिट अँड रन अपघात झाले आणि त्यांत ३०,४८६ माणसं दगावली. धडक देणारी गाडी सापडलीच नाही, तर सरकारी योजनेतून भरपाई मिळते. त्याच वर्षाच्या १ एप्रिलपासून ही रक्कम मृत्यूसाठी २५ हजारांवरून २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी साडेबारा हजारांवरून ५० हजार करण्यात आली. तरीही २०२२-२३ या आर्थिक वर्षात अख्ख्या देशातून या भरपाईसाठी अर्ज आले फक्त २०५, आणि त्यातले निकाली निघाले ९५. सर्वोच्च न्यायालयाने १२ जानेवारी २०२४ च्या आपल्या निकालात हे आकडे नोंदवले आहेत.

२०५ म्हणजे आमच्या शाळेतल्या दोन-तीन इयत्तांची मुलं. एवढ्या मोठ्या देशातून एवढेच अर्ज.

मग बाकीच्यांची दवाखान्याची बिलं कोणी भरली? उत्तर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. घरच्यांनी भरली. कुणी दागिने गहाण टाकले, कुणी मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे काढले, कुणाच्या ऑपरेशनसाठी जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या दारात रुमाल पसरला गेला. चंदा करण्यात कमीपणा नाही, ती आपल्या समाजाची ताकदच आहे. पण कायद्याने ज्या रकमेवर आपला हक आहे, ती मागितलीच नाही आणि तिच्या जागी मोहल्ल्यातल्या मजुरी करणाऱ्या माणसाच्या खिशातले पन्नास-शंभर रुपये गेले, हे बरोबर नाही.

या लेखात आम्ही मुख्यतः प्रवाशाबद्दल बोलणार आहोत. म्हणजे रिक्षात, जीपमध्ये, कुणाच्या कारमध्ये किंवा मोटारसायकलच्या मागे बसलेला माणूस. गाडी तो चालवत नव्हता, त्यामुळे चूक त्याची असण्याचा प्रश्न जवळपास येतच नाही. कायद्याच्या नजरेत सर्वांत मजबूत बाजू त्याची असते. प्रत्यक्षात मात्र सर्वांत जास्त गोंधळ त्याच्याच बाबतीत होतो, कारण दोन गाड्यांमधली एक पळालेली असते आणि दुसरी ओळखीच्या माणसाची असते.

पहिले काही तास

दवाखान्यात पहिला प्रश्न येतो तो डिपॉझिटचा. दुसरा येतो, 'पोलीस केस आहे, आधी नोंद करून या.' दोन्हीबाबत कायदा स्पष्ट आहे. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर १९८९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जखमीचा जीव वाचवणं हे प्रत्येक डॉक्टरचं पहिलं कर्तव्य आहे, मग दवाखाना सरकारी असो की खाजगी, आणि पोलिसांच्या कागदपत्रांसाठी उपचार थांबवता येणार नाहीत. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही तेच लिहिलेलं आहे. जखमीला आणून सोडणाऱ्याला थांबवून ठेवणं, त्याच्याकडून पैसे मागणं किंवा साक्षीदार होण्याची सक्ती करणं, हेही चालत नाही. उलट त्याला 'राहवीर' योजनेत २५ हजार रुपयांचं बक्षीस आहे.

५ मे २०२५ पासून रस्ते अपघातातील जखमींसाठी कॅशलेस उपचार योजना देशभर लागू झाली. ती सरकारने मनाने आणली असं म्हणता येणार नाही. कायद्यात २०१९ साली तरतूद झाली होती, पण योजना काही येईना. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारीख बांधून दिली, तेव्हा कुठे ती आली. अपघाताच्या दिवसापासून सात दिवसांपर्यंत प्रत्येक जखमीमागे दीड लाख रुपयांपर्यंतचा खर्च या योजनेतून होतो. गाडी कोणाची, चूक कोणाची, गाडी पळाली की थांबली, याच्याशी तिचा संबंध नाही. दवाखाना मात्र योजनेत नेमलेला असावा लागतो. नेमलेला नसेल तर तिथे रुग्ण स्थिर होईपर्यंतचेच उपचार योजनेतून होतात. शिवाय पोलिसांनी अपघात खरा असल्याची नोंद आपल्या पोर्टलवर करायची असते. ही नोंद अडली की सगळंच अडतं. म्हणून घरातल्या दोन माणसांनी दवाखान्याच्या बाकावर बसून राहण्यापेक्षा एकाने ताबडतोब पोलीस ठाणं गाठावं.

आपल्या राज्यात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनाही आहे. २०२३ च्या निर्णयाने तिच्यातली रस्ते अपघातासाठीची मर्यादा ३० हजारांवरून एक लाख रुपये झाली आणि उपचारांची यादी ७४ वरून १८४ वर गेली. योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राचं टेबल असतं. भरती करतानाच तिथे जाऊन विचारावं. अर्धं बिल रोख भरून झाल्यावर विचारलं तर ते पैसे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

जबाब

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहायला घेतला, त्याकडे येतो.

आमच्या शाळेत पालक फक्त मुलांची प्रगती विचारायला येत नाहीत. तहसीलची नोटीस, बँकेचं पत्र, कोर्टाचा समन्स असलं काहीही हातात आलं की घरात उर्दू वाचणारे लोक ते घेऊन आमच्याकडे येतात, कारण आम्हाला दोन्ही भाषा येतात. अशीच एक नववीतली मुलगी आईच्या अपघाताचे कागद घेऊन आली. आई पहाटे शेअर रिक्षाने कामाला निघाली होती. रिक्षात ड्रायव्हर धरून सात जण. रिक्षा आतल्या रस्त्यावरून हायवेवर चढत असताना मागून आलेल्या डंपरने उडवली आणि डंपर निघून गेला. नंबर कोणी पाहिला नाही. आईच्या मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला, बिल झालं एक लाख चौऱ्याऐंशी हजार.

रिक्षावाला त्याच गल्लीतला. त्याच्याही डोक्याला मार लागला होता. पोलिसांनी वॉर्डात येऊन जबाब घेतला तेव्हा आईने सांगितलं, 'रिक्षावाल्याची काही चूक नाही.' हे तिने मुरव्वतीपोटी सांगितलं. शेजारचा पोर आहे, त्याच्यावर केस कशाला, असा साधा विचार. कागदावर आलं की अज्ञात वाहनाच्या चालकाने धडक दिली. बस्स, एवढंच.

त्या एका वाक्याने काय झालं ते पाहा. डंपर अज्ञात म्हणजे त्याची विमा कंपनी अज्ञात. उरली ती हिट अँड रनची सरकारी भरपाई, ५० हजार. पण रिक्षाचा विमा होता. भाड्याने प्रवासी नेणाऱ्या वाहनाच्या सक्तीच्या थर्ड पार्टी विम्यात आतले प्रवासी येतात. आणि रिक्षा क्षमतेपेक्षा दुप्पट माणसं घेऊन, न थांबता हायवेवर चढली होती, हे आत बसलेल्या सगळ्यांनी पाहिलं होतं.

दोन गाड्यांच्या चुकीने तिसऱ्या माणसाला इजा झाली, तर त्या तिसऱ्या माणसाने कोणाकडे किती टक्के चूक होती याचा हिशेब मांडत बसण्याची गरज नाही. दोघांपैकी कोणा एकाकडूनही तो पूर्ण भरपाई मागू शकतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या खेनयेई निकालात स्पष्ट केलेलं आहे. याचा सरळ अर्थ असा की डंपर कधीच सापडला नाही, तरी रिक्षाचालकाचीही चूक सिद्ध झाली तर रिक्षाच्या विमा कंपनीकडून प्रवाशाला पूर्ण रक्कम मागता येते. त्यात दवाखान्याचं बिल येतं, औषधं येतात, बुडालेली मजुरी येते, पुढे रॉड काढायच्या ऑपरेशनचा खर्च येतो. ५० हजार कुठे आणि हे कुठे!

आमचं म्हणणं नीट समजून घ्यावं. शेजाऱ्यावर खोटा आळ घ्या, असं आम्ही अजिबात म्हणत नाही. खोटी साक्ष हा कायद्यानेही गुन्हा आहे आणि दीननेही. रिक्षा आपल्या बाजूने सरळ चालली असेल आणि मागच्या गाडीनेच उडवली असेल, तर तेच सांगायचं. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते मुरव्वतीखातर लपवणं हेही खरं बोलणं नव्हे. 'काही चूक नाही' असं म्हणण्याऐवजी जेवढं पाहिलं तेवढं सांगावं. रिक्षात किती माणसं होती, वेग कसा होता, वळताना थांबली का, लाईट होता का. चूक कोणाची हे ठरवायला न्यायाधीश बसलेले आहेत.

आणि रिक्षावाल्याचं काय? त्याचं लायसन्स, परमिट, विमा सगळं व्यवस्थित असेल तर भरपाई विमा कंपनी भरते, त्याला घर विकावं लागत नाही. पोलीस केस होते, तारखा होतात, त्रास होतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. कागद अपुरे असतील तर कंपनी जखमीला पैसे देऊन नंतर गाडीमालकाकडून वसूल करू शकते, तेव्हा त्याची भीती अगदीच निराधारही नाही. पण त्या भीतीचा इलाज विमा आणि परमिट वेळेवर भरणं हा आहे. मोडलेल्या पायाच्या बाईने दोन लाखांचं कर्ज अंगावर घेणं हा त्याचा इलाज होऊ शकत नाही. शेअर रिक्षाच्या स्टँडवर आपलीच मुलं उभी असतात. हे त्यांनाही कोणीतरी सांगितलं पाहिजे.

चूक सिद्ध करणं अवघड असेल तर वकील मंडळी कलम १६४ चाही विचार करतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या कलमात मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख अशी ठरलेली रक्कम आहे, आणि तिथे चूक सिद्ध करावी लागत नाही. 'वाहनाच्या वापरातून झालेला अपघात' एवढं पुरेसं असतं. विमा कंपन्या अशा दाव्यांना विरोध करतात, त्यामुळे कोणता रस्ता धरायचा ते कागद पाहून वकिलाने ठरवावं. गल्लीतल्या एजंटने नव्हे. हा एजंट वॉर्डातच भेटतो, टक्केवारीवर बोलतो, आणि कधी कधी म्हणतो की अज्ञात गाडी राहू द्या, आपण एक विमा असलेली गाडी 'दाखवू'. अशा माणसाला दारातूनच परत पाठवावं. बनावट गाडी दाखवलेल्या दाव्यांवर न्यायालयांनी पोलीस तपास लावलेले आहेत, आणि त्यात दाखवणाऱ्याबरोबर दावा करणाराही अडकतो.

त्या मुलीच्या आईला हे सगळं कळलं तेव्हा पाचवा महिना चालू होता. नशीब की पाचवा होता. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीप्रमाणे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, केवळ उशीर झाला म्हणून दावे फेटाळू नका असं न्यायाधिकरणांना सांगितलं. पण अंतरिम आदेश तो अंतरिमच. त्याच्या भरवशावर बसू नये. दावा अपघाताच्या ठिकाणीच टाकावा लागतो असंही नाही. आपण राहतो त्या जिल्ह्यातही टाकता येतो. मालेगावच्या माणसाचा अपघात पनवेलला झाला तर दर तारखेला पनवेलची वारी करण्याची गरज नाही. स्त्रिया आणि मुलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, त्यांचं उत्पन्न कितीही असो.

तिचा रिक्षाच्या विम्यावरचा दावा आता चालू आहे. ५० हजारांचा अर्जही केला होता, त्याचे पैसे नवव्या महिन्यात आले. ज्या कार्यालयात अर्ज दिला तिथल्या बाबूंना अशी योजना आहे हेच माहीत नव्हतं. राजपत्राची प्रत आम्ही छापून नेली तेव्हा अर्ज घेतला गेला.

पन्नास हजारांचा अर्ज

त्या अर्जाची रीत एकदा समजली की फार अवघड नाही. अर्ज तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्याकडे द्यायचा. योजनेत त्यांना दावा चौकशी अधिकारी म्हटलं आहे. त्यांनी एका महिन्यात अहवाल जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायचा, जिल्हाधिकाऱ्यांनी पंधरा दिवसांत मंजुरी द्यायची आणि त्यानंतर पंधरा दिवसांत जनरल इन्शुरन्स कौन्सिलने रक्कम थेट खात्यात जमा करायची. कागदावर हे दोन महिन्यांचं काम आहे. अर्जासोबत एफआयआरची प्रत, दवाखान्याचे कागद, दुखापतीचा दाखला, ओळखपत्र, पासबुक आणि एक हमीपत्र लागतं. पुढे न्यायाधिकरणातून जास्त भरपाई मिळाली तर त्यातून ही रक्कम परत करावी लागते, त्यासाठी ते हमीपत्र. म्हणजे एक अर्ज केल्याने दुसरा रस्ता बंद होतो, ही समजूत चुकीची आहे.

दुखापतीच्या दाखल्याकडे विशेष लक्ष द्यावं. ५० हजार मिळतात ते 'गंभीर' दुखापतीला. किरकोळ दुखापतीला या योजनेत काहीच नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ प्रमाणे हाड मोडणं किंवा निखळणं, दात पडणं हेसुद्धा गंभीर दुखापतीत येतं. एक्सरेत फ्रॅक्चर दिसतं आणि दाखल्यावर घाईत 'साधी' असं लिहिलं जातं, असं होऊ शकतं. दाखला हातात घेतानाच वाचावा. इंग्रजी येत नसेल तर वॉर्डातल्या एखाद्या नर्सला किंवा शिकलेल्या पोराला वाचायला लावावं.

हे सगळं जखमीला सांगण्याची जबाबदारी खरं तर पोलिसांची आहे. जानेवारी २०२४ च्या त्याच निकालात न्यायमूर्ती अभय ओक आणि पंकज मित्तल यांच्या पीठाने सांगितलं, की एका महिन्यात गाडीचा पत्ता लागला नाही तर पोलिसांनी जखमीला किंवा मयताच्या वारसांना या योजनेची माहिती लेखी द्यायची, आणि अपघाताचा अहवाल दावा चौकशी अधिकाऱ्याकडे पाठवायचा. जिल्हा पातळीवर देखरेख समिती नेमायलाही सांगितलं. तुमच्या घरात असा अपघात झाला असेल आणि महिना उलटून गेला असेल, तर पोलीस ठाण्यात जाऊन हे लेखी पत्र मागा. तोंडी नको, अर्ज देऊन मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या.

रक्कम पुरेशी आहे का, तर नाही. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन ५० हजारांत होतं असं कोणता खाजगी दवाखाना म्हणेल? रक्कम दरवर्षी थोडी थोडी वाढवता येईल का याचा विचार करा, असं न्यायालयाने केंद्राला त्याच निकालात सांगितलं होतं. आणि हे सरकारचे उपकारही नव्हेत. या भरपाईच्या खात्यात विमा कंपन्यांना थर्ड पार्टी प्रीमियममधला ठरावीक हिस्सा भरावा लागतो. म्हणजे आपल्यापैकी ज्याच्या दारात स्कूटर उभी आहे, त्या प्रत्येकाच्या प्रीमियममधून हे पैसे आधीच गेलेले आहेत.

आणखी एक गोष्ट कानावर येते, विशेषतः वयस्कर माणसांकडून. विम्याचा पैसा म्हणजे सूद, तो नको. आम्ही आलिम नाही, मसला आलिमांनाच विचारावा. फक्त विचारताना प्रश्न नीट मांडावा. आपण पॉलिसी काढली आणि तिचा फायदा घेतोय, असा हा मामला नाही. दुसऱ्याच्या चुकीने आपलं नुकसान झालं, त्याची भरपाई त्याने द्यायची आहे आणि त्याच्या वतीने ती कंपनी देते आहे. प्रश्न असा विचारला तर कदाचित उत्तरही वेगळं येईल.

टेम्पो आणि मागची सीट

प्रवासी सगळे सारखे नसतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. मोटारसायकलचा फक्त थर्ड पार्टी विमा असेल तर मागे बसलेल्याला त्यात संरक्षण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली हे स्पष्ट केलं. कारमध्ये फुकट बसलेल्या पाहुण्यालाही तेच लागू होतं. पॅकेज पॉलिसी असेल, जिला आपण फुल इन्शुरन्स म्हणतो, तर दोघंही त्यात येतात. विमा नियामकाने १६ नोव्हेंबर २००९ च्या परिपत्रकात कंपन्यांना तसं बजावलेलं आहे. आपल्याकडे गाडी दोन-तीन वर्षांची झाली की पैसे वाचवायला फक्त थर्ड पार्टी भरण्याची पद्धत आहे. त्या गाडीवर मागे बायको बसते, पुढे टाकीवर लेकरू बसतं. प्रीमियम भरताना सहप्रवाशाचं अपघात संरक्षण जोडून मागता येतं, त्याला फार पैसे पडत नाहीत. विमा एजंट स्वतःहून सांगत नाही, विचारावं लागतं.

मालवाहू टेम्पोची गोष्ट याहून वाईट. लग्नाचं वऱ्हाड, उर्सला जाणारी माणसं, इज्तेमाला निघालेली पोरं, कधी मय्यतीला निघालेलं अख्खं खानदान टेम्पोच्या हौद्यात बसून जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच सांगून ठेवलं आहे की मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशांसाठी विमा कंपनी जबाबदार नाही. आपल्या मालासोबत जाणारा मालाचा मालक तेवढा सुटतो. समोरून धडक देणारी गाडी पळाली आणि आपण टेम्पोत होतो, तर मोठ्या भरपाईचे दोन्ही दरवाजे जवळपास बंद झाले. उरते ती सरकारी ५० हजारांची रक्कम. तेव्हा लग्नात जेवणाच्या खर्चातून चार हजार काढून बस ठरवावी, हे आमचं स्पष्ट मत आहे. कोणाला राग आला तरी चालेल.

स्टिअरिंगच्या मागे

जानेवारी २०२४ मध्ये ट्रकचालकांचा संप झाला तो आठवत असेल. पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमात, अपघात करून पोलिसांना न कळवता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होती. संपानंतर ते पोटकलम थांबवण्यात आलं. १ जुलै २०२४ ला बाकी संहिता लागू झाली, पण ते नाही. त्या संपात आपल्याच समाजातले हजारो चालक होते. भिवंडीपासून मालेगावपर्यंत किती घरांची चूल ट्रकवर चालते, ते वेगळं सांगायला नको. थांबलो तर जमाव मारेल, ही त्यांची भीती खरी आहे.

पण कायद्याने ती भीती लक्षात घेतलेली आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचत नाही. कलम १३४ मध्ये चालकाने जखमीच्या उपचाराची सोय करावी असं म्हटलंय, आणि जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर त्यातून सूटही दिलीय. जवळच्या पोलीस ठाण्यात मात्र लवकरात लवकर, फार तर चोवीस तासांच्या आत कळवायचं. पुढच्या ठाण्यावर जाऊन एवढं कळवलं की गाडी 'अज्ञात' राहत नाही. तिचा विमा जखमीच्या कामाला येतो आणि चालकावरही पळपुटेपणाचा शिक्का बसत नाही. ज्यांच्या घरात ड्रायव्हर आहे, त्यांनी हा भाग मोठ्याने वाचून दाखवावा.

बिलांबद्दल

शेवटी बिलांविषयी थोडं, कारण दावे अडतात ते बहुतेक इथेच. प्रत्येक बिल रुग्णाच्या नावाने घ्यावं, पैसे मामूने भरले असले तरी. मेडिकल स्टोअरमधून चिठ्ठीवर औषध आणलं आणि पक्कं बिल घेतलं नाही, तर न्यायाधिकरणात ते खर्चात धरलं जाणं कठीण. रिक्षाभाडं, घरी येणाऱ्या मालीशवाल्याचे पैसे, कामावरून बसलेल्या दिवसांचा मालकाचा दाखला, हे सगळं एका फाईलमध्ये तारखेवार लावावं. डिस्चार्ज कार्डाच्या तीन-चार झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

ज्यांचा मेडिक्लेम आहे त्यांच्यासाठी २८ मार्च २०२५ चा मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाचा निकाल महत्त्वाचा आहे. त्याआधी विमा कंपन्या म्हणत, तुमचं बिल मेडिक्लेममधून भरलं गेलं, मग आमच्याकडे परत कशाला मागता? पूर्णपीठाने सांगितलं, की मेडिक्लेमची रक्कम माणसाने स्वतः प्रीमियम भरून कमावलेली आहे, ती अपघाताच्या भरपाईतून वजा करता येणार नाही. अडचण फक्त कागदांची होते. मूळ बिलं मेडिक्लेमवाले ठेवून घेतात आणि न्यायाधिकरण मूळ बिलं मागतं. म्हणून ती देण्याआधी दवाखान्याच्या शिक्क्यानिशी साक्षांकित प्रतींचा एक पूर्ण संच काढून घ्यावा, आणि मूळ कागद कुठे जमा केले त्याची पोच त्याच फाईलला लावावी.